मलावीतला गरोदर बायकांचा दवाखाना: एचआयव्ही असून अंगावर पाजायला कसं सांगतात?

कागलची_सून

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम नर्स. लग्नाआधी आणि नंतर मिळून ९ वर्षं लेबर रूमला काढलीत. नवरा साखर कारखान्यातला, पॅनवर (साखर शिजते तिथं) असतो. त्याला मलावीत नोकरी लागली म्हणून आम्ही गेल्या वर्षी इकडं आलो. देशाच्या दक्षिण टोकाला शिरे नदीचं खोरं आहे, तिथं. ऊस बघून घरी आल्यासारखं वाटलं, पण उन्हाळा असा की आपला मे महिना बरा म्हणायचा. घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून जवळच्या सरकारी हेल्थ सेंटरच्या सिस्टर इनचार्जला भेटले. माझं इथलं रजिस्ट्रेशन नाही त्यामुळं हातात सुई नाही, पण वजन करणं, बीपी घेणं, रजिस्टर भरणं एवढं करते. आठवड्यातून एकदा गरोदर बायकांचा दिवस असतो, त्याला इथं सगळे "सीकेलो" म्हणतात. मला वाटलं काहीतरी चिचेवा शब्द असेल, तर तो निघाला इंग्रजीतला "स्केल", म्हणजे वजनकाटा! झाडाला टांगलेला काटा, त्यावरून अख्ख्या दवाखान्याचं नाव.

आता प्रश्न. ३ आठवडे बघतेय आणि दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत.

१) पहिल्या भेटीलाच बोट टोचून एचआयव्ही बघतात, पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी गोळ्या सुरू, हे ठीक. पण तिलाच सांगतात की बाळाला अंगावरच पाज, वरचं काही देऊ नको. मी ट्रेनिंगला असताना आम्हाला शिकवलेलं की परवडत असेल तर वरचं दूध द्यायचं. इथं तसा पर्यायच बोलून दाखवत नाहीत. हे बरोबर आहे का?

२) मलेरियासाठी बाकी सगळ्या बायकांना ३ गोळ्या समोर उभं करून गिळायला लावतात, एकच पेला सगळ्यांना फिरतो. पण एचआयव्हीवालीला ती गोळी द्यायची नाही. जिची प्रतिकारशक्ती कमी तिलाच मलेरियाची गोळी नाही, हे उलटं नाही का? रांगेतल्या बायकांना पण कळतं की कुणाला पेला मिळाला नाही ते.

सिस्टरला विचारायचं तर ती एकटी, रांगेत ८०-९० बायका. तिला थांबवून शंका विचारायला लाज वाटते. इथं कुणी आफ्रिकेत काम केलेलं असेल तर सांगा प्लीज.

---

निंबोणी

ताई, स्वागत. सीकेलो शब्द वाचून एकदम मांगोची डोळ्यासमोर आलं. मी फार्मासिस्ट, २०११ ते २०१४ मलावीत होते, तळ्याच्या काठच्या जिल्ह्यात, औषधांचा साठा बघायचं काम. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, जरा लांबेल.

आधी सोपं, दुसरं. एचआयव्ही असलेल्या बाईला रोज सेप्ट्रान असतं ना, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल. ते सल्फा. आणि ज्या ३ गोळ्या पेल्यासोबत देतात त्या एसपी, म्हणजे फॅन्सिडार, ते पण सल्फा. दोन्ही एकत्र दिलं तर अंगावर फोड उठून कातडी सोलण्यापर्यंत रिअॅक्शन जाऊ शकते. आणि रोजचं सेप्ट्रान मलेरियालाही थोडंफार आवरून धरतं, म्हणून तिला वेगळी एसपी नको. म्हणजे तिला सोडून दिलेली नाही, तिचं वेगळ्या खिडकीतून चाललंय. फक्त एक बघ, ती सेप्ट्रान खरंच घेते का. कारण एसपी बंद आणि सेप्ट्रान साठ्यात नाही असं झालं की ती बाई दोन्हीकडून उघडी. माझ्या काळात सेप्ट्रान संपायचं, आणि पत्रं लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं पण साठा काही आला नाही वेळेवर.

पेल्याचं तू म्हणतेस ते खरंय. आमच्याकडे एका सिस्टरनं यावर साधी युक्ती केली होती, पॉझिटिव्ह बाईला पण पेला द्यायची, त्यातून तिची लोहाची गोळी घ्यायला लावायची. लांबून बघणाऱ्याला सगळ्याजणी सारख्याच. हे कुठल्या गाइडलाइनमध्ये नाही.

आता अंगावर पाजायचं. याला मोठा इतिहास आहे आणि तू ट्रेनिंगला शिकलीस ते तेव्हा चुकीचं नव्हतं. काहीच केलं नाही तर १०० पॉझिटिव्ह आयांच्या बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते, पोटात, बाळंतपणात आणि दुधातून मिळून. दूध तोडलं की त्यातला एक भाग वाचतो हा सरळ हिशोब. पण तो हिशोब कुठं बसतो, तर जिथं नळाला स्वच्छ पाणी आहे आणि डबा संपला की दुसरा आणता येतो तिथं. बोट्सवानानं सरकारी खर्चानं पावडरचा डबा दिला, आफ्रिकेत त्यातल्या त्यात पैसेवाला देश, आणि २००६ च्या सुरुवातीला तुफान पाऊस होऊन जुलाबाची साथ आली तेव्हा डब्यावरची बाळं भराभर गेली. एचआयव्हीपासून वाचवलेली बाळं जुलाबानं गेली. त्याच्यानंतर पावडरचा विषय काढताना लोक दहा वेळा विचार करायला लागले.

आणि हल्ली आई गोळ्यांवर असते. तिच्या रक्तातला व्हायरस दबला की दुधातला पण दबतो, बाळाला वर ६ आठवडे नेव्हिरॅपिनचं, म्हणजे एचआयव्हीवरच्याच औषधाचं, सिरप. एवढं नीट झालं तर दूध पाजूनसुद्धा लागण ५ टक्क्यांच्या खाली येते. त्यामुळं "पाज" म्हणणं धोका पत्करणं नाहीये, त्यातल्या त्यात कमी मरणाचा रस्ता आहे.

अजून एक, डबा म्हणजे पाटी. गावात जी बाई डबा घेऊन बसते तिच्याबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही.

---

सडेतोड७

लेख चांगला आहे पण स्पष्टच बोलतो, राग मानू नका. अशा देशात बायको पोरं घेऊन जायचंच कशाला? तिथे चारित्र्य वगैरे प्रकार नाही, सरकार फुकट गोळ्या देते आणि हे लोक मुलं काढत राहतात. आपल्या ताईंनी सुई वगैरेपासून लांबच राहावे.

---

मिरजेचा_स्लाइडवाला

सडेतोड, राग नाही, पण मिरजेचा माणूस म्हणून सांगतो, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईचे लोक आमच्या सांगली जिल्ह्याबद्दल हेच्च वाक्य बोलायचे. मी तेव्हा लॅबला होतो. रिपोर्ट न्यायला येणाऱ्या पोरी कोण होत्या सांगू? लग्नाला दीड वर्ष झालेल्या, माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव न बघितलेल्या. चारित्र्य कुणाचं तपासताय?

तिकडंही तेच. त्यात उसाचा पट्टा म्हणजे हंगामाला गडी बाहेरून येणार, पगाराच्या दिवशी हातात पैसा, घर लांब. आपल्या तोडणीच्या फडावर वेगळं काही असतं का? दुसरं म्हणजे बऱ्याच बायकांना लागण गरोदर असतानाच किंवा अंगावर पाजत असताना होते, आणि ताज्या लागणीत व्हायरस इतका वर असतो की बाळाला धोका सगळ्यात जास्त तेव्हाच. म्हणून पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तरी नंतरच्या महिन्यांत परत टोचतात. कागलच्या ताई, रजिस्टर भरताना तो दुसऱ्या टेस्टचा रकाना बघा, तोच बहुतेक कोरा असतो.

आता मला जे सांगायचंय ते. सगळं बोलणं एचआयव्हीवर चाललंय, पण मी टांझानियात म्वांझाकडे ३ वर्षं काढली आणि मला तिथं रडू आलं ते सिफिलिस या गुप्तरोगानं. तिकडं त्याला "कास्वेंडे" म्हणतात. त्याच भागात झालेला अभ्यास आहे, २००२ साली छापला, ज्या बायकांची तपासणी झाली नव्हती त्यांच्यात जेवढी बाळं मेलेली जन्मली त्यातली निम्मी, ५१ टक्के, आईच्या सिफिलिसमुळं. निम्मी! आणि यावर औषध काय तर आपलं जुनं पेनिड्युर, म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिन. २४ लाख युनिट, एकदाच, कमरेत. दुखतं मरणाचं, सुई तुंबते, पण एकदा दिलं की बाळ वाचतं. एचआयव्हीसारखं जन्मभर नाही काही.

मग होतं का? मी होतो त्या लॅबला (नाव घेत नाही) एचआयव्हीच्या पट्ट्यांची खोकी छतापर्यंत, कारण त्याला परदेशी पैसा. आणि सिफिलिसच्या आरपीआर तपासणीला रीएजंट फ्रिजमध्ये पाहिजे, फ्रिजला लाइट पाहिजे, हलवायला रोटेटर पाहिजे, तो बंद पडलेला. मी तो हातानं हलवायचो, घड्याळ लावून ८ मिनिटं, एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातानं माश्या. म्हणजे त्याच बाईचं तेच रक्त, एका रोगासाठी तपासलं आणि शेजारच्या रोगासाठी तपासलं नाही, बाईला वाटतंय माझं रक्त बघितलं, सगळं चांगलं आहे. तिचं बाळ आठव्या महिन्यात गेलं की लोक म्हणणार करणी झाली.

आता एकाच पट्टीवर दोन्ही कळतं, एचआयव्ही आणि सिफिलिस, एकाच थेंबात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला गरोदर बायकांना पहिली टेस्ट म्हणून तीच वापरा म्हटलं. तुमच्याकडं ती आहे का जुनी, नुसत्या एचआयव्हीची डिटरमाइन पट्टी? आणि कपाटात पेनिसिलिन आहे का? पट्टी आहे आणि इंजेक्शन नाही, हेही बघितलंय मी. २०१४ ते १६ दरम्यान तर जगभर बेन्झाथिनचा तुटवडा होता, दोन-चार कंपन्याच कच्चा माल बनवतात, नफा नाही म्हणून.

अवांतर: नवऱ्याला सोबत आणलं की नंबर आधी लागायचा तिकडं. हेतू चांगला, की नवऱ्याची पण तपासणी व्हावी. पण जिला नवरा नाही किंवा तो दारूत पडलाय तिनं काय करायचं, तर गावच्या म्वेन्येकिटीचं म्हणजे अध्यक्षाचं पत्र आणायचं की हिला नवरा नाही. एक पोरगी तर कुठल्यातरी सायकलवाल्याला नवरा म्हणून घेऊन आली होती, तो बिचारा बोट टोचून घेताना थरथरत होता.

---

डर्बनवासी

स्लाइडवाला +१. "सरकार फुकट गोळ्या देते" वर थोडं. मी नोकरीनिमित्त १४ वर्षं दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, आयटीवाला आहे, डॉक्टर नाही, पण इथं राहून हा विषय कानावर न पडणं अशक्य. क्वाझुलू-नाताल प्रांतात २०११ च्या पाहणीत सरकारी दवाखान्यात आलेल्या गरोदर बायकांपैकी ३७ टक्के पॉझिटिव्ह होत्या. तिघींत एकीपेक्षा जास्त. आणि इथल्या सरकारनं गोळ्या प्रेमानं दिल्या नाहीत, त्या कोर्टातून काढून घ्याव्या लागल्या. एम्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना एचआयव्हीमुळं एड्स होतो हेच पटत नव्हतं, आरोग्यमंत्री बाई लसूण आणि बीट खा म्हणायच्या. १९९९ ला युगांडातल्या अभ्यासात सिद्ध झालं होतं की कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला ७२ तासांत एक डोस, एवढ्यानं लागण जवळपास निम्मी होते. कंपनी औषध फुकट द्यायला तयार होती. तरी सरकार मोजक्या केंद्रांवरच देत होतं. शेवटी ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेनवाले, म्हणजे औषधांसाठी लढणारी इथली संघटना, कोर्टात गेले आणि जुलै २००२ ला इथल्या घटना न्यायालयानं सरकारला सांगितलं, सगळीकडे द्या.

आणि दुधाच्या प्रश्नावर सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास इथल्याच खेड्यांतला आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रोफेसर जेरी कुवाडिया, डर्बनचेच, भारतीय वंशाचे, २०२३ मध्ये गेले. त्यांच्या टीमनं २००७ ला दाखवलं की नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा दुधाबरोबर घन खाणं असं मिसळ मिळालेल्या बाळांना लागण व्हायचा धोका जवळजवळ ११ पट. तेव्हा आयांना पूर्ण औषधं नव्हती हे लक्षात घ्या. पण "वरचं काही देऊ नको" हे जे सिस्टर घोकून सांगतात ते तिथून आलंय.

---

कागलची_सून

बाप रे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. सडेतोडदादा, तुमच्यावर राग नाही, माझ्या सासूबाई पण हेच म्हणाल्या होत्या विमानतळावर.

स्लाइडवाले दादा, काल मुद्दाम बघितलं. दोन-इन-वन पट्टी आहे. पेनिसिलिन आहे, १४ व्हायल मोजल्या. दुसऱ्या टेस्टचा रकाना तुम्ही म्हणालात तसाच, पानंच्या पानं कोरी.

"वरचं देऊ नको" वरून एक सांगते. गेल्या आठवड्यात एक आली, एकोणीस वर्षांची असेल, पहिलटकरीण नाही, दुसरं. बाळ ३ महिन्यांचं, पाठीला चितेंजेत बांधलेलं (हा म्हणजे आपल्या लुंगीएवढा छापील कपडा, बायकांचं सगळं त्यात: बाळ, लाकडं, मक्याचं पीठ, पैसे). ही पॉझिटिव्ह. गोळ्या कुठं ठेवतेस विचारलं तर म्हणाली पिठाच्या डब्यात, तळाशी, बाटलीतून काढून चिंधीत गुंडाळून, कारण बाटली खुळखुळते. नवऱ्याला माहीत नाही. आणि बाळाला फाला, म्हणजे मक्याची पातळ पेज, आजी देतेच म्हणाली. आजीला नको म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. मी मनात म्हटलं अगं आमच्याकडं पण तिसऱ्या महिन्यात बोट बुडवून चाटवतात की, घुटी काय आणि मध काय.

तर अशीला काय सांगायचं? पेज दिलीच तर पाजणं थांबव म्हणायचं का?

---

डॉ. अवांतर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रॅक्टिस मराठवाड्यात, आफ्रिकेत गेलेलो नाही, त्यामुळे पुस्तकी बोलतोय असं समजा. पण या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: नाही, थांबवायला सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारित सूचना अशा आहेत की आई नियमित औषधावर असेल तर पहिले ६ महिने निव्वळ स्तनपान उत्तमच, पण वरचं काही दिलं गेलं म्हणून पाजणं बंद करायचं कारण नाही. अर्धवट पाजणं हे अजिबात न पाजण्यापेक्षा बरं. ११ पटवाला आकडा औषधं नसतानाच्या जमान्यातला आहे, डर्बनवासींनी तसं लिहिलंच आहे. त्या मुलीच्या बाबतीत पेज हा दोन नंबरचा प्रश्न. पहिला प्रश्न पिठाच्या डब्यातल्या गोळ्या रोज पोटात जातात का, आणि बाळाची ६ आठवड्यांची टेस्ट झाली का. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात ती. साधी पट्टी बाळाला दीड वर्षापर्यंत उपयोगाची नाही, कारण आईची अँटिबॉडी बाळाच्या रक्तात फिरत असते, बाळ मोकळं असलं तरी पट्टी पॉझिटिव्ह दाखवू शकते.

दुधातून जाणारी लागण बाळालाच औषध देऊन रोखता येईल का, यावर जी कामं झाली त्यात आपलं ससूनही होतं. इथिओपिया, युगांडा आणि पुणे अशा तीन ठिकाणी बाळांना एका डोसऐवजी ६ आठवडे नेव्हिरॅपिन देऊन बघितलं, २००८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आज तुमच्या हेल्थ सेंटरमधली सिस्टर जे सिरप देते त्यात ससूनच्या आयांचाही वाटा आहे. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

मलेरियाबद्दल एक, कारण ताईंनी आयुष्यात तो इतका बघितला नसेल. आपल्या मनात मलेरिया म्हणजे थंडी वाजून ताप. तिथल्या मोठ्या माणसाला लहानपणापासून डास चावून अर्धी प्रतिकारशक्ती आलेली असते, बाई गरोदर झाली तरी तिला ताप येईलच असं नाही. परजीवी जाऊन वारेत बसतात. बोटाच्या रक्ताची स्लाइड निगेटिव्ह, बाई हसतखेळत, आणि आत वार परजीवींनी गच्च. बाळ दोन किलोचं. पहिलटकरणीला सगळ्यात जास्त, कारण वारेत चिकटणाऱ्या जातीशी तिच्या शरीराची ओळखच झालेली नसते, पुढच्या खेपांना ती होते. एचआयव्ही असला की ही शिकलेली ओळख पुसट होते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेची बाईसुद्धा पहिलटकरणीसारखी सापडते. म्हणजे ताई तुम्हाला "हे उलटं आहे" वाटलं ते अगदीच चूक नव्हतं. नुसतं सेप्ट्रान पुरत नाही अशी शंका होतीच, म्हणून केनिया आणि मलावीत अशा बायकांना सेप्ट्रानच्या जोडीला महिन्याला एक वेगळं मलेरियाचं औषध, सल्फा नसलेलं, देऊन बघितलं, त्यात मलेरियाची लागण कमी झाली, निकाल २०२४ ला आला.

आणि एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट. एसपी घेणाऱ्या बाईला फॉलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी देऊ नका. एसपी हे औषध परजीवीचं फोलेट तोडून काम करतं, आपण वरून भरमसाट फोलेट घातलं की औषध फुकट. ०.४ मिलिग्रॅमवाली चालते. आपल्याकडे ५ ची सर्रास मिळते म्हणून बोललो.

आणि सुई टोचलीच तर घाबरून घरी बसू नका, धुवा आणि त्याच दिवशी सिस्टरला सांगा, प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

---

निंबोणी

डॉक्टरांनी गोळ्या रोज पोटात जातात का हा मुद्दा काढलाय, त्यावर राहवत नाही म्हणून परत आले.

ताई, तुला जे आज सहज दिसतंय, टेस्ट झाली की त्याच दिवशी गोळी, ती जगात पहिल्यांदा मलावीनं केली. २०११ ला. तेव्हा जागतिक नियम असा की आधी सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, मोजा, किती आहे त्यावर ठरवा कोणतं औषध आणि किती दिवस. आता सीडी४ चं मशीन जिल्ह्याच्या गावाला, बाई ४० किलोमीटरवर, सहाव्या महिन्यात, पायी. रिपोर्ट येईपर्यंत बाळंतीण होणार. आणि एका बाईला सरासरी ५-६ मुलं, म्हणजे प्रत्येक खेपेला गोळ्या चालू-बंद-चालू. मलावीच्या लोकांनी म्हटलं सोडा ते मोजणं, गरोदर आहे आणि पॉझिटिव्ह आहे, विषय संपला, जन्मभर रोज एक गोळी. याला ऑप्शन बी प्लस म्हणतात. गरीब देश नियम वाकवतोय म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, आणि २०१३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तेच उचललं. आकडा सांगते, २०११ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशात १,२५७ गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना गोळ्या सुरू झाल्या, आणि २०१२ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये १०,६६३. मी त्या गोळ्यांची खोकी मोजत होते तेव्हा. अर्ध्याहून जास्त खोक्यांवर "मेड इन इंडिया", हैदराबाद नाहीतर मुंबई. मुंबईच्या सिप्लानं २००१ ला वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला नसता तर हे काहीच झालं नसतं, तोपर्यंत तेच औषध १०-१२ हजार डॉलरला होतं.

पण गोळी देणं सोपं निघालं, परत येणं अवघड. मलावीतलाच हिशोब आहे: सहा महिन्यांत १७ टक्के बायका गळाल्या, आणि ज्यांना गरोदरपणात सुरू केलं त्यातल्या कितीतरी पहिल्याच भेटीनंतर परत आल्या नाहीत, स्वतःच्या आजारासाठी आलेल्यांच्या ५ पट. का येतील? सकाळी धडधाकट घरातून निघाली, काट्यावर उभी राहिली, दुपारी हातात जन्मभराची बाटली. आजारी असती तर गोळीनं बरं वाटलं असतं. ही तर बरीच होती! घरी जाऊन नवऱ्याला काय सांगू या विचारात ती बाटली वाटेत नदीत टाकणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

यावर जे चाललं ते म्हणजे दुसरी पॉझिटिव्ह आई. मेंटॉर मदर म्हणतात. स्वतःचं निगेटिव्ह पोर मांडीवर घेऊन बसलेली. तिनं "माझ्याकडं बघ" म्हटलेलं लागतं, माझ्यासारख्या परदेशी बाईनं चार्ट दाखवून काही होत नाही. तुमच्याकडं कुणी आहे का अशी? त्या पिठाच्या डब्यावालीला तिच्याकडं सोपव. विचारते कारण जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं पैसे रोखले तेव्हा अशीच माणसं आधी घरी गेली, गोळ्या कशाबशा चालू राहिल्या.

---

सडेतोड७

ऊसतोडीचं उदाहरण पटलं. चारित्र्याचं वाक्य मागे घेतो. पण ताई सुईचं सांभाळाच.

---

कागलची_सून

उशीर झाला लिहायला, ४ दिवस लाइट नव्हती.

मेंटॉर मदर होती, आता नाही. पगार थांबला, तिनं बाजारात टोमॅटो लावलेत. पण सिस्टरनं तिला निरोप पाठवला आणि ती सीकेलोला येऊन गेली, पिठाच्या डब्यावालीशी आंब्याखाली अर्धा तास काय बोलली मला चिचेवा कळत नाही त्यामुळं माहीत नाही. दोघी हसत होत्या एवढं बघितलं. बाळाचा कागदावरचा नमुना गेलाय, रिपोर्ट यायचाय.

पेल्याची युक्ती सिस्टरला सांगितली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हे तुला आज सुचलं होय. पण या वेळी सगळ्यांना पेला मिळाला.

आता डॉक्टरसाहेब, तुमचं ते किरकोळ वाटणारं वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी कोल्हापूरहून येताना औषधाच्या दुकानातून फॉलिक अॅसिडच्या पट्ट्या आणल्या होत्या, ५ च्या, इथं साठा नसतो असं ऐकलेलं म्हणून, उपयोगी पडतील म्हणून. साठा खरंच संपला त्या दिवशी मी दोघींना दिल्या, एकेक महिन्याच्या. दोघीही एसपीवाल्या. सिस्टरला जाऊन सरळ सांगितलं. ती ओरडली नाही, रजिस्टर काढलं, दोघींची नावं शोधली आणि गावच्या एचएसएला (म्हणजे आपल्या आशाताईंसारखा, पण सायकलवाला पुरुष) फोन लावला. एक दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टी घेऊन आली, ११ गोळ्या खाल्ल्या होत्या. तिला ०.४ वाली दिली आणि एसपीची पुढची तारीख सिस्टरनं तिच्या हेल्थ पासपोर्टवर (तपासणीची वही) लाल पेननं लिहिली.

दुसरीचं गाव नदीपलीकडं आहे आणि सध्या पाणी चढलंय. एचएसए म्हणाला उतरलं की होडीनं जातो, त्याला पेट्रोल लागत नाही त्यामुळं तेवढं बरं. मी पण येते म्हटलंय.